संगणकाचा पुनरारंभ : जुना सर्व्हर कोठे अडतो?

संगणक बंद करून लगेच पुन्हा सुरू करणे ह्या क्रियेला रीबूट असे म्हणतात. मराठीत आपण तिला पुनरारंभ म्हणू. घरगुती संगणकाच्या बाबतीत ही क्रिया इतकी नित्याची असते की तीत काही शिकण्यासारखे असेल अशी शंकाही कोणास येत नाही. परंतु जो संगणक अनेकांची सेवा करण्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेला असतो, म्हणजे ज्यास सर्व्हर म्हणतात, आणि ज्याला आठ-दहा वर्षे झालेली आहेत, त्याला पुनरारंभाची आज्ञा देणे हे धैर्याचे काम ठरते. आज्ञा दिली जाते, पडद्यावरून काही ओळी सरकतात आणि मग सर्व स्तब्ध होते. यंत्र धड बंदही होत नाही आणि सुरूही होत नाही. पंखे फिरत असतात, दिवे लागलेले असतात, पण प्रश्नाला उत्तर नाही. ह्या अवस्थेला कारागीर ‘सर्व्हर हँग झाला’ असे म्हणतात. तो नेमका कोठे अडला हे शोधून काढण्याची रीत आपण येथे पाहू.

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाही. दिल्लीचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची स्थापना १९७६ साली झाली. १९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे रेल्वेचे आरक्षण संगणकावर होऊ लागले. जानेवारी १९८८ मध्ये दिल्लीतील ग्रंथालयांना एकमेकांशी जोडणारे डेलनेट हे जाळे सुरू झाले. तेव्हापासून दिल्ली आणि तिच्या भोवतालची नॉयडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद ही शहरे अशा अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांनी भरून गेली आहेत. त्यांतील काही अद्ययावत दालनांत आहेत. परंतु कितीतरी यंत्रे महाविद्यालयांत, लहान कार्यालयांत व ग्रंथालयांत जिन्याखालच्या खोलीत ठेवलेली आढळतात. पुस्तकांची सूची, विद्यार्थ्यांचे गुण, वेतनाची पत्रके ही सर्व त्यांत साठवलेली असतात. सर्व्हर उठला नाही तर त्या दिवशी खिडकीपाशी उभा असलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर संदेशांचे वितरण करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत दोष आढळला आणि दुसऱ्या दिवशी ८०० हून अधिक विमानांना विलंब झाला. उड्डाणांचे जे आराखडे यंत्रणेने आपोआप पुढे पाठवावयाचे, ते कर्मचाऱ्यांना स्वहस्ते हाताळावे लागले. असा एखादा दिवस पाहिलेल्या व्यवस्थापकाच्या मनात एकच विचार दृढ होतो : यंत्र चालते आहे तोवर त्याला हात लावू नये. हा विचार स्वाभाविक असला तरी घातक आहे. संगणकाच्या मूळ प्रणालीत केलेल्या बहुतेक सुरक्षा-दुरुस्त्या पुनरारंभ केल्याखेरीज अमलात येत नाहीत. शिवाय माणसाने पुनरारंभ टाळला तरी वीज तो टाळू देत नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताची वीजजाळी कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशा तीन जाळ्या एकदम बंद पडल्या. दिल्लीची मेट्रोदेखील थांबली. त्या दोन दिवसांत जी यंत्रे बंद पडली, त्यांना पुनरारंभाची आज्ञा कोणीच दिली नव्हती.

तेव्हा पुनरारंभ होणार हे निश्चित. तो आपण निवडलेल्या वेळी होणार की अवेळी, एवढाच प्रश्न उरतो.

थैली कोणाच्या हाती?

‘बूट’ हा शब्द कोठून आला हे समजून घेतल्यास पुढील विवेचन सुगम होईल. पाश्चात्त्य बुटांच्या मागील बाजूस ओढण्यासाठी एक नाडी असते. ती नाडी ओढून स्वतःलाच वर उचलणे ही अशक्य गोष्ट होय. आणि संगणकापुढे नेमकी हीच अडचण असते. कोणताही कार्यक्रम स्मृतीत आणण्यासाठी दुसरा एक कार्यक्रम आधी चालू असावा लागतो. मग पहिला कोणी आणावयाचा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकसारख्या यंत्रांच्या काळात हे काम शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या साहाय्याने होई. छिद्रे पाडलेली कागदी पट्टी यंत्रात घालून कार्यक्रम आत न्यावा लागे. आजच्या यंत्रात पहिला लहानसा कार्यक्रम मदरबोर्डावरील एका चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला असतो. जुन्या सर्व्हरांत त्याला बायोस म्हणतात.

ह्याचा अर्थ असा की संगणकावर सदैव एकाच कार्यक्रमाचे राज्य नसते. पूर्वी टपालाची थैली घेऊन एक जासूद धावे आणि ठरलेल्या चौकीवर ती दुसऱ्याच्या हवाली करी. पुनरारंभात असेच घडते. प्रथम चालू असलेली प्रणाली, समजा लिनक्स, आपला कारभार आवरते. मग ती यंत्राला रिसेट करून थैली बायोसच्या हाती देते. बायोस स्मृती, डिस्क, जाळ्याचे कार्ड इत्यादींची तपासणी करून थैली पुन्हा प्रणालीकडे सोपवितो. थैली हरवली तर ती कोणत्या टप्प्यात हरवली, हे प्रथम पाहावयाचे. जुना सर्व्हर अडला की पुष्कळ लोक पहिल्याच क्षणी वीजकळ चार-पाच सेकंद दाबून धरतात. ही खोड वाईट होय. त्याने यंत्र कदाचित सुरू होईल, पण ते कोठे अडले होते ह्याचा पुरावा नाहीसा होतो आणि पुढच्या खेपेस तीच अडचण अंधारातून पुन्हा येते.

पहिला टप्पा : आवराआवर

प्रणाली प्रत्येक कार्यक्रमाला थांबण्याची विनंती करते. ठरावीक वेळात तो थांबला नाही तर त्याला सक्तीने संपविते. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत ही मुदत ९० सेकंदांची असते. म्हणून पडद्यावर अमुक काम थांबण्याची प्रतीक्षा चालू आहे अशी ओळ दिसत असेल तर दीड मिनिट, प्रसंगी त्याच्या काही पट, स्वस्थ बसावे. खरी अडचण निराळी असते. एखादा कार्यक्रम डिस्ककडून किंवा दूरच्या यंत्राकडून उत्तराची वाट पाहत असेल तर तो अशा अवस्थेत असतो की सक्तीची आज्ञाही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या संगणकावरील संचिका जाळ्यामार्फत वापरल्या जात असतील आणि आवराआवरीत जाळेच आधी बंद झाले असेल, तर हा प्रकार हटकून घडतो. बंद केलेल्या दारापलीकडच्या माणसाच्या उत्तराची ती प्रतीक्षा असते, आणि ती संपत नाही.

अशा वेळी लिनक्समध्ये एक उपाय आहे, मात्र तो आधीच अनुज्ञात करून ठेवावा लागतो. कळफलकावरील ऑल्ट व सिस्-आर-क्यू ह्या कळा धरून क्रमाने एस, यू व बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबावयाची. पहिल्याने स्मृतीत राहिलेला मजकूर डिस्कवर उतरतो, दुसऱ्याने डिस्क केवळ वाचनापुरती उघडी राहते, तिसऱ्याने यंत्र तत्काळ रिसेट होते. वीजकळ दाबून धरण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सभ्य आहे.

दुसरा टप्पा : हवाली करण्याची चौकी

लिनक्सची शेवटची ओळ ‘रीस्टार्टिंग सिस्टिम’ अशी असते. ती दिसली आणि त्यानंतर यंत्र स्तब्ध झाले, तर आवराआवर पूर्ण झाली असून थैली चौकीवर अडली आहे असे समजावे. जुन्या यंत्रांच्या अभ्यासात हा भाग सर्वांत रोचक आहे, कारण येथे चाळीस वर्षांचा इतिहास एका क्षणात एकवटलेला असतो.

१९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी ह्या संगणकात इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर होता. तो एकदा ‘संरक्षित’ नावाच्या अवस्थेत गेला की साध्या अवस्थेत परतण्याचा मार्ग त्याला ठेवलेला नव्हता. परतायचे तर त्याला रिसेट करणे भाग होते. मदरबोर्डावर कळफलकाचे काम पाहणारी एक लहान चिप होती आणि तिची एक वाहिनी मोकळी होती. रचनाकारांनी ती वाहिनी प्रोसेसरच्या रिसेटला जोडून टाकली. अशा रीतीने सबंध संगणक पुन्हा सुरू करण्याचे काम कळफलकाच्या चिपकडे गेले! ही तडजोड पुढे कित्येक पिढ्या टिकली.

कालांतराने इतर मार्ग निघाले. बायोसच्या ठरावीक भागात उडी मारणे हा एक. प्रोसेसरला एकात एक अशा तीन चुकांत मुद्दाम पाडणे हा दुसरा. तिसरी चूक हाताळता न आल्याने यंत्र स्वतःच रिसेट होते. १९९६ साली एसीपीआय नावाचा प्रमाण-करार प्रसिद्ध झाला आणि त्याच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत रिसेटसाठी स्वतंत्र जागा नेमून दिली गेली. शिवाय मदरबोर्डावरील मुख्य चिपसंचाला थेट आज्ञा देण्याचीही सोय आहे. आता अडचण अशी की कोणत्या यंत्रावर कोणता मार्ग नीट चालतो हे निर्मात्याच्या काळजीवर अवलंबून असते. कागदोपत्री मार्ग आहे, प्रत्यक्षात तो कोठेच पोहोचत नाही, अशी यंत्रे पुष्कळ निघाली. म्हणून लिनक्सच्या मूळ कार्यक्रमात अशा यंत्रांची नावनिशीवार यादीच लिहिलेली आहे. डेल कंपनीचे पॉवरएज ३००, १३०० व २४०० हे जुने सर्व्हर त्या यादीत असून त्यांच्यासाठी बायोसचा मार्ग सांगितला आहे; त्याच कंपनीच्या सी-६१०० ह्या नंतरच्या सर्व्हरसाठी चिपसंचाचा मार्ग आहे.

यादीत नसलेल्या यंत्राला मात्र हा मार्ग आपणच सांगावा लागतो. प्रणाली सुरू होताना तिला ज्या सूचना दिल्या जातात त्यांत ‘रीबूट’ ह्या शब्दापुढे मार्गाचे नाव लिहिण्याची सोय आहे.

समजा, दिल्लीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा सूची-सर्व्हर पुनरारंभाच्या वेळी दर खेपेस अडतो. ग्रंथपालाने प्रथम आज्ञा दिल्यावर दिसणाऱ्या ओळी टिपून घेतल्या. शेवटची ओळ ‘रीस्टार्टिंग सिस्टिम’ हीच होती. दहा मिनिटे वाट पाहूनही हालचाल नाही. मग वीज पूर्ण तोडून यंत्र सुरू केले असता ते विनातक्रार सुरू झाले. एवढ्यावरून पुष्कळ गोष्टी वगळता येतात. स्मृती, डिस्क व बायोसची तपासणी सुस्थितीत आहे, कारण थंड अवस्थेतून यंत्र उठते. आवराआवर पूर्ण होते, कारण शेवटची ओळ येते. राहिली ती चौकी. आता मार्ग एकेक करून बदलून पाहावेत : एसीपीआय, कळफलक, बायोस, चिपसंच. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक फळ वहीत लिहावे. चौथ्या मार्गाने यंत्र उठले म्हणून लगेच समाधान मानू नये. तोच प्रयोग निदान दहा वेळा करावा, कारण कधी अडणारे व कधी न अडणारे यंत्र सदैव अडणाऱ्या यंत्राहून अधिक फसवे असते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. वीज न तोडता केलेला पुनरारंभ ‘उष्ण’ व वीज तोडून केलेला ‘शीत’ मानतात. उष्ण पुनरारंभात प्रोसेसर नव्याने सुरू होतो, पण डिस्कचा नियंत्रक किंवा जाळ्याचे कार्ड आधीच्या अर्धवट कामात गुंतलेले राहू शकते. रिसेटचे सर्व मार्ग करून पाहिले, तरी उष्ण पुनरारंभ अडतो आणि शीत पुनरारंभ यशस्वी होतो, असे आढळल्यास संशय अशा जोडकार्डांकडे वळवावा. ती एकेक करून काढून पाहणे हा कंटाळवाणा परंतु खात्रीचा उपाय होय.

तिसरा टप्पा : बायोसची तपासणी

पडदा एकदा काळा होऊन निर्मात्याचे बोधचिन्ह दिसले असेल तर थैली बायोसच्या हाती पोहोचली आहे. येथे सर्वांत अधिक चूक होते ती घाईची. मोठ्या स्मृतीचा जुना सर्व्हर तपासणीसाठी कित्येक मिनिटे घेतो; त्यानंतर डिस्क-नियंत्रक आपल्या डिस्क मोजतो; मग जाळ्याची कार्डे दूरच्या यंत्राकडून सुरू होण्याची वाट पाहतात. ह्या साऱ्या काळात पडदा जवळजवळ निश्चल असतो. म्हणून यंत्र सुस्थितीत असताना त्यास उठण्यास किती मिनिटे लागतात हे एकदा घड्याळ लावून मोजून ठेवावे. ती संख्या ठाऊक नसलेल्या माणसाला ‘हँग झाला’ असे म्हणण्याचा अधिकार नाही.

प्रणाली उठू लागल्यावरही असाच भास होतो. जुन्या पद्धतीच्या डिस्क-मांडणीत ठरावीक दिवसांनी, बहुधा १८० दिवसांनी, सबंध डिस्कची तपासणी सक्तीची असे. वर्षभराने पुनरारंभ केलेला मोठ्या डिस्कचा सर्व्हर ह्या तपासणीत तासभरही गुंतून पडतो. त्याला मध्येच तोडणे म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला उठविण्यासारखे आहे.

खऱ्या अडथळ्यांपैकी एक अगदी क्षुल्लक वस्तूमुळे होतो. मदरबोर्डावर नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाताच बायोस आपल्या मांडणीच्या नोंदी विसरतो : घड्याळ चुकते, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावयाचे हे आठवत नाही, आणि तो एखादी कळ दाबण्याची विनंती करून थांबतो. सर्व्हरला तर बहुधा कळफलकच जोडलेला नसतो. कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कळ दाबा, असा संदेश कित्येक जुन्या यंत्रांनी गंभीरपणे दाखविलेला आहे. डिस्क-नियंत्रकाचेही तसेच असते; त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत न लिहिलेला मजकूर राहिला असेल किंवा ओळखीची नसलेली डिस्क आढळली तर तो माणसाच्या संमतीसाठी खोळंबतो. यंत्र मेले आहे असे वाटत असते. वस्तुतः ते प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत असते.

ते प्रश्न दुरून वाचता यावेत म्हणून सर्व्हरमध्ये एक स्वतंत्र व्यवस्थापक-चिप बसविण्याची पद्धत पडली. इंटेल, एचपी, एनईसी व डेल ह्या कंपन्यांनी १९९८ साली तिच्यासाठी आयपीएमआय हा समान करार केला. मुख्य यंत्र बंद असतानाही ही चिप अल्पशा विजेवर जागी असते. तिच्यामार्फत पडद्यावरील मजकूर दुसऱ्या संगणकावर पाहता येतो आणि वीज तोडता-जोडता येते. मात्र क्वचित ही चिपच अडते. मग सर्व वीजतारा उपसून काही मिनिटे यंत्र पूर्ण निर्वीज ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पुढील कळ दाबून ती चिप कधीच बंद होत नाही.

चालत होते, मग उठत का नाही?

काल रात्रीपर्यंत काम करणारे यंत्र एकदा बंद केल्यावर उठत नाही, ह्याचे लोकांना मोठे नवल वाटते. ह्यामागे पदार्थविज्ञान आहे. विद्युत्पुरवठा सम राखण्यासाठी मदरबोर्डावर व वीजसंचात कपॅसिटर असतात. त्यांतील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत दहा उन्हाळे काढलेल्या यंत्राचे कपॅसिटर कोणत्या स्थितीत असतील ह्याची कल्पना करता येईल. एकदा चालू झालेले यंत्र अशा दुर्बळ कपॅसिटरांवरही चालत राहते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र विजेची ओढ मोठी असते आणि तेव्हाच ते कमी पडतात. फिरत्या डिस्कचेही तसेच : फिरत राहण्यास लागते त्याहून अधिक शक्ती स्थिर अवस्थेतून गती घेण्यास लागते, आणि जुने वंगण थंड होऊन घट्ट झालेले असते. वर्षानुवर्षे तापलेले यंत्र प्रथमच थंड झाले म्हणजे धातू आकुंचन पावतात, स्मृतीच्या पट्ट्यांचे संपर्क व जोड हलतात. त्यात उन्हाळ्यातील आंधीची बारीक धूळ संपर्कांत शिरलेली असते.

तात्पर्य, पुनरारंभाने दोष निर्माण केलेला नसतो, तो आधीच होता. स्मृतीच्या पट्ट्या काढून संपर्क स्वच्छ करून पुन्हा बसविणे, ह्या साध्या उपायाने अशी कितीतरी यंत्रे उठतात. फुगलेला किंवा गळलेला कपॅसिटर डोळ्यांनीच दिसतो. जुने वीजसंच व स्मृतीच्या पट्ट्या दिल्लीत नेहरू प्लेसच्या बाजारात मिळतात, परंतु वापरलेला सुटा भाग हाही तितकाच वृद्ध असू शकतो हे विसरू नये.

पुनरारंभापूर्वी काय करावे

प्रथम सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यावी आणि ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. नंतर वेळ निवडावी. रेल्वेचे आरक्षण मध्यरात्रीच्या सुमारास काही काळ बंद ठेवले जाते व त्या अवधीत दिवसाचे हिशेब मिटविणे, देखभाल करणे ही कामे उरकतात; लहान संस्थेनेही आठवड्यातील असा एखादा तास जाहीरपणे राखून ठेवण्यास हरकत नाही. त्या वेळी यंत्रापाशी कळफलक, पडदा आणि किल्ली असलेला माणूस हजर असावा. आज्ञा देण्यापूर्वी प्रहरी-घड्याळ चालू करावे. हे घड्याळ म्हणजे उलटी मोजणी करणारा एक स्वतंत्र गणक होय. प्रणालीने त्याला वेळोवेळी थोपविले नाही तर तो यंत्राला आपणहून रिसेट करतो. आवराआवरीच्या टप्प्यात किंवा चौकीवर थैली अडली तर दहा मिनिटांनी तो मदतीस येतो, परंतु बायोसच्या टप्प्यात बहुधा त्याचा उपयोग होत नाही.

सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा. त्यावर चार गोष्टी असाव्यात : यंत्राला उठण्यास लागणारी मिनिटे, रिसेटचा यशस्वी ठरलेला मार्ग, बॅटरी बदलल्याची तारीख आणि मागील पुनरारंभाची तारीख. शेवटच्या दोन तारखांत तीन-चार वर्षांचे अंतर दिसू लागले, किंवा प्रत्येक पुनरारंभास नवा सुटा भाग लागू लागला, तर मजकूर नव्या यंत्रावर हलविण्याची वेळ आली असे समजावे. जुन्या डिस्कवरील मजकूर पूर्णपणे पुसून ते यंत्र, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नये.